चढावर गाडी दमली

“हिला दमा झालाय,” दस्तगीर मिस्त्री म्हणाला.

त्यानं जीपचं बॉनेट उघडून टेकू लावला होता आणि लांब पेचकसाचं टोक इंजिनाला टेकवून मूठ कानाशी धरली होती. डॉक्टर छातीला नळी लावतात तशी. शेजारी माझे दाजी, हिंदुराव, कमरेवर हात ठेवून उभे होते. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गाडी त्यांची. मी मागच्या फळीवर उभा राहून माणसं चढवायचो, उतरवायचो, टपावर पोती बांधायचो.

“दमा न्हाई न खोकला न्हाई,” दाजी म्हणाले. “चढाला वढत न्हाई एवढंच.”

“तेच बोलतोय मी. हे इंजिन आपल्या दमानं श्वास घेतं. नाकात जेवढी हवा येईल तेवढी. तुम्ही आत कोंबताय पंधरा माणसं, वर कांद्याची पोती, आणि पुढं तुमचा तो घाट. बिचारीनं दम आणायचा कुठनं?”

“मग तूच दे की.”

मिस्त्री हसला. गॅरेजच्या कोपऱ्यात गोणपाटाखाली काहीतरी झाकलेलं होतं, ते त्यानं दोन्ही हातांनी उचलून आणलं आणि आमच्या पायाशी ठेवलं. गोगलगाईच्या शंखासारखं लोखंड होतं. एकाला एक जोडलेले दोन शंख, आणि मधून आरपार एक दांडी. त्यानं बोटानं आतलं पातं फिरवलं. ते आवाज न करता कितीतरी वेळ फिरत राहिलं.

“टर्बो,” तो म्हणाला. “मोडीत निघालेल्या एका गाडीचा आहे. पण याचा जीव शाबूत आहे. धूर बाहेर जातो ना, वाया? तो जाता जाता हा पंखा फिरवणार. त्याच दांडीवर हा दुसरा पंखा. तो बाहेरची हवा ओढून इंजिनात कोंबणार.”

“म्हणजे लोहाराचा भाताच की,” मी म्हणालो.

“शाब्बास रे भैरू. भाताच. फक्त ओढायला माणूस लागत नाही, धूरच ओढतो.”

दाजी खाली बसले. त्यांनीही बोट घालून तो पंखा फिरवला आणि थांबेपर्यंत बघत राहिले.

“लाव,” ते म्हणाले.

ही गोष्ट कराडच्या गॅरेजात घडली तेव्हा माझी आक्का जाऊन वर्ष झालं होतं. हौसाबाई तिचं नाव, पण मी आक्काच म्हणायचो. आमचं गाव आडवली. घाटाच्या खाली, रानात. गावाला येणारी एस.टी. पावसात बंद व्हायची, एरवीही तिची खात्री नसायची. दवाखाना, बाजार, कचेरी सगळं घाटाच्या वर. म्हणून दाजींची जीप. आमच्याकडं या धंद्याला वडाप म्हणतात. माणसं गोळा करायची, ठासून भरायची आणि नेऊन सोडायची.

आक्काला कळा सुरू झाल्या तेव्हा मी पुण्यात हमाली करत होतो. आई तापानं अंथरुणाला खिळलेली. दाजी आणि गावची म्हातारी सुईण, दोघांनी आक्काला मागच्या बाकावर गोधडीवर निजवलं आणि निघाले. आक्का परत आली ती त्याच गोधडीत गुंडाळून. पोटातलं मूलही गेलं. मी गावी पोचलो तेव्हा दाजी ओट्यावर बसले होते. येईल त्याला एकच वाक्य सांगत होते, “चढावर गाडी दमली. शेवटच्या वळणावर गेली ती.”

सुईणीला विचारलं तर ती पदर तोंडाला लावायची. पुढच्या थंडीत तीही गेली.

मी परत पुण्याला गेलो नाही. आई दाजींच्याच घरी राहायला आली. त्यांना आईबाप नव्हते आणि आम्हा दोघांनाही दुसरं कुणी नव्हतं. दाजींनी दुसरं लग्न केलं नाही. सासूला त्यांनी आईसारखं सांभाळलं, आणि आई त्यांना शेवटपर्यंत जावईबापूच म्हणत राहिली. गाडीचे टायर घासून गुळगुळीत झाले होते, स्प्रिंगचे पाटे वाकले होते, पण दाजींनी आधी काय बदललं असेल तर बॅटरी. कोरी करकरीत बॅटरी. मला तेव्हा नवल वाटलं होतं. मग बोलायला लागले ते एकच. चढ मारायचा. या चढावर पुन्हा माणूस जाता कामा नये. त्यासाठीच आम्ही कराडला आलो होतो.

काम काही दिवस चाललं. मिस्त्रीनं धुराची नळी कापली. भाता बसवायला बिडाचा जाड तुकडा लेथवर कातून आणला. इंजिनातून तेलाची एक बारीक नळी त्या दांडीकडं नेली, आणि तिथून तेल परत यावं म्हणून खालच्या तेलाच्या पेटीला भोक पाडून दुसरी जाड नळी जोडली. डिझेलचा पंप थोडा उघडला. दाजी त्याच्या पाठीशी उभे राहून सगळं बघत होते. जेवायला बोलावलं तरी हलत नव्हते.

शेवटचा पेच आवळून झाल्यावर मिस्त्रीनं हात पुसले आणि दाजींना समोर बसवलं.

“आता नीट ऐका. चढ चढून वर आलात की हा आत लालबुंद झालेला असतो. आणि हा फिरतो तेलावर. तुम्ही इंजिन बंद केलंत की तेल थांबतं, पण हा थांबत नाही, गरगरतच राहतो. तेल जागेवर जळतं, कोळसा होतं. म्हणून लगेच बंद करायचं नाही. एक विडी ओढून होईपर्यंत गाडी उभी करून हळू चालू ठेवायची. मग बंद.”

“वर गेल्या गेल्या बंद करायची न्हाई,” दाजी म्हणाले.

“नाही.”

“कुणी सांगितलं तरी?”

“देवानं सांगितलं तरी न् पिरानं सांगितलं तरी.”

“परत एकदा सांग.”

मिस्त्रीनं माझ्याकडं बघितलं. मग पुन्हा सांगितलं. दाजी लहान पोरानं गोष्ट ऐकावी तसे ऐकत होते, आणि त्यांचा चेहरा सैल पडत गेला. वर्षभरात तो तसा मी पाहिला नव्हता.

“आणखी एक,” निघताना मिस्त्री मला म्हणाला, कारण दाजी केव्हाच गाडीत जाऊन बसले होते. “कधी याचं आतलं तेल अडवणारं बूच गेलं, तर इंजिनातलं तेलच हवेबरोबर आत जाईल. मग इंजिन त्या तेलावर चालेल. बंद करायची मूठ ओढली तरी बंद होणार नाही, उलट चढतच जाईल. तसं झालं तर घाबरायचं नाही. हवा जाते ते तोंड बंद करायचं. फडकं, टॉवेल, काय असेल ते कोंबायचं. श्वास कोंडला की मरतं.”

मी मान हलवली.

आमच्या घाटाच्या माथ्यावर खिंड आहे. खिंडीत वाघजाईचं ठाणं. शेंदूर फासलेला तांदळा, वर पत्र्याचं छप्पर, पितळी घंटा आणि बाजूला भिकू गुरवाचं खोपट. तिथं एक जुनी रीत होती. बैलगाड्यांच्या काळात खिंडीत आलं की गाडीवान खाली उतरून बैलांच्या गळ्यातल्या घुंगरमाळा काढून हातात घेई. देवीपुढं आवाज करायचा नाही. आवाजात तिला आपलं म्हणणं ऐकू येत नाही, असं म्हणायचे. मोटारी आल्या तशी ती रीत इंजिनाला लागली. कुणीही असो, खिंडीत गाडी थांबवायची, इंजिन बंद करायचं, सगळं निवांत झालं की हात जोडायचे. लाल डब्याचे ड्रायव्हरसुद्धा पाळायचे.

भाता लावल्यावर पहिल्या खेपेला गाडी तोंडोतोंड भरली होती. एरवी पहिल्या गिअरमध्ये रडत चढणारी जीप दुसऱ्या गिअरमध्ये चालली. बॉनेटखालून बारीक शीळ यायला लागली, उंच, पाखराची वाटावी अशी. आतली माणसं दांड्याला धरून हसायला लागली.

“हिंदुराव, आरं इमान केलंस का काय गाडीचं?”

“हळू रं बाबा, माझी अंडी हाईत मांडीवर!” बाजाराला निघालेली ठकूबाई ओरडली.

शेवटचं वळण आलं. आक्का तिथं गेली असं दाजी सांगायचे. मी फळीवरून वाकून आरशात दाजींचा चेहरा बघितला. त्यावर काहीच नव्हतं. बाकीच्या वळणांसारखं त्यांनी तेही वळण घेतलं. मात्र खिंडीत पोचून ठाण्यासमोर गाडी उभी करताना त्यांनी वाकून बॅटरीचा काटा बघितला. गाडी त्यांनी नेहमीसारखी उताराला तोंड करून लावली. वर्षभर ते तशीच लावत, आणि मी कधी विचारलं नव्हतं.

आणि इंजिन बंद केलं नाही.

माणसं खाली उतरली, हात जोडायला उभी राहिली, आणि वाट बघू लागली. इंजिन घुरघुरत होतं.

“हिंदुराव, बंद कर की.”

“मिस्त्रीनं सांगितलंय. बंद करायची न्हाई. भाता जळतो.”

“आरं, देवीम्होरं?”

“देवानं सांगितलं तरी बंद करायची न्हाई म्हणालाय.”

“तुझा मिस्त्री मुसलमान, त्येला काय ठावं आपली वाघजाई?” ठकूबाई म्हणाली. “कानापाशी भुंगा सोडल्यागत करतुयास. आई चिडंल.”

“चिडू दे,” दाजी म्हणाले, आणि विडी पेटवली.

भिकू गुरव ठाण्याच्या दारात उभा होता. सगळ्यात आधी त्यानं बोलायला पाहिजे होतं. पिढ्यानपिढ्यांची पूजा त्याच्या घराण्याची. पण तो काहीच बोलला नाही. नारळ घेतला, फोडला, प्रसाद वाटला. दाजींच्या हातावर प्रसाद ठेवताना दोघांनीही एकमेकांकडं बघितलं नाही.

पुढं काही महिने बरे गेले. पावसाळ्याच्या तोंडावर गावातल्या तळेकराच्या सुनेला रानात फुरसं चावलं. पाय सुजून काळा पडला होता. दाजींनी तिला मागं निजवलं, मला तिच्या उशाशी बसवलं आणि गाडी अशी नेली की मला दरी दिसायची बंद झाली. खिंडीत ते थांबलेच नाहीत. ठाण्यासमोरून शीळ घालत गाडी तशीच पलीकडं उतरली. डॉक्टर म्हणाले, आणखी उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. सून वाचली. तळेकर दाजींच्या पाया पडायला आला तेव्हा दाजी परड्यात निघून गेले. आई चुलीपाशी बसून रडली. “हाच भाता तवा असता तर,” एवढंच म्हणाली.

दाजी परड्यातून आत आले, ते ऐकलं, आणि परत बाहेर गेले.

त्याच पावसाळ्यात घाटात दरड आली. माणूस कुणी गेलं नाही, पण तळेकराच्याच दोन म्हशी दगडाखाली सापडल्या आणि रस्ता महिनाभर बंद राहिला. लोकांना कारण शोधावं लागलं नाही. देवीची झोप मोडली. तिच्या दारात रोज इंजिन घुरघुरतंय, गाडी न थांबता पुढं जाते, मग ती डोंगर हलवील नाहीतर काय करील? रस्ता खुला झाला तसं माणसं आमच्या गाडीत बसेनात. वरच्या वाडीची दुसरी जीप होती. तिच्या टपावर, बॉनेटवर बसून जायची, पण आमच्यात नाही. ज्यांना नाइलाज होता ती खिंडीच्या अलीकडंच उतरायची, ठाण्यापुढून पायी जायची आणि पलीकडं पुन्हा चढायची. तळेकरसुद्धा.

दाजी ऐकत नव्हते. रिकामी गाडी घेऊन जात, खिंडीत उभी करत, विडी ओढत आणि इंजिन चालू ठेवत.

शेवटी आई बोलली. दाजी जेवायला बसले होते. आईनं भाकरी त्यांच्या ताटात वाढली आणि हात तसाच ताटावर ठेवला.

“जावईबापू, एक मागते.”

“बोला की, मामी.”

“देवीम्होरं गाडी बंद करत जावा.”

दाजींनी घास खाली ठेवला. “भाता जळतो, मामी.”

“जळू द्या. माझी लेक देवीच्या दारापत्तुर पोचली न्हाई. शेवटच्या वळणावरच ऱ्हायली. दोन पावलं म्होरं गेली असती, आईच्या दारात पडली असती, तर तिनं काय सोडलं नसतं तिला. माझं मन म्हणतंय तसं. आता त्या दारात कुणाचं वाकडं नको. तुमच्याबी जिवाला काय झालं तर मी कुणाकडं बघू?”

दाजींनी मान वर केली. त्यांच्या तोंडाशी काहीतरी आलं होतं. मला ते स्पष्ट दिसलं. मग त्यांनी ते गिळलं.

“बरं,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून खिंडीत पोचल्या पोचल्या दाजी इंजिन बंद करायला लागले. गाडीत पुन्हा माणसं आली. “आता कसं शाण्यावानी वागला,” ठकूबाई म्हणाली. इंजिन थांबल्यावर निवांत होई, आणि त्या शांततेत बॉनेटखालून बारीक आवाज येत राही. भाता आपला आपण फिरत असायचा. बाकीचे हात जोडून डोळे मिटून उभे असायचे. दाजी हात जोडायचे, पण डोळे उघडे ठेवून बॉनेटकडं बघत ऐकत असायचे.

काही आठवड्यांनी शिळेचा सूर बदलला. पाखरासारखा होता तो दातांवर करवत फिरवल्यासारखा झाला. धूर निळा पडला. तेल कमी होऊ लागलं, रोज ओतावं लागे.

“दाजी, मिस्त्रीकडं जाऊ. आतलं बूच गेलं असंल.”

“बघू.”

“तो म्हणाला हुता, इंजिन तेलावर चालंल म्हणून.”

“म्हणलं न्हवं, बघू.”

ते वाट बघत होते असं आता वाटतं. तेव्हा वाटलं, माणूस खचला आहे.

बाजाराचा दिवस होता, भर दुपारची वेळ. गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. ऊन चढलेलं, घाटातली झाडं गपगार. शेवटच्या दोन वळणांवर धूर इतका झाला की मागून येणारा मोटारसायकलवाला शिव्या द्यायला लागला. खिंडीत पोचलो. दाजींनी गाडी उताराला तोंड करून लावली, ब्रेक ओढला, आणि स्टिअरिंगखालची इंजिन बंद करायची काळी मूठ ओढली.

इंजिन क्षणभर खाली बसलं आणि मग चढायला लागलं.

दाजींनी मूठ परत ओढली. मुठीची तार पार बाहेर आली. इंजिन चढतच राहिलं. घुरघुरीची गुरगुर झाली, गुरगुरीची किंकाळी. जीप जागेवर थरथरायला लागली, बॉनेटचा पत्रा उडायला लागला. निळापांढरा धूर मागून निघाला आणि ठाण्यावर पसरला. आतला शेंदूर दिसेना. माणसं एकमेकांच्या अंगावरून बाहेर पडली. कोंबड्या सुटल्या, कांदे रस्त्यावर सांडले. ठकूबाई हात जोडून “आई, चुकलं! आई, चुकलं!” म्हणत ठाण्याशेजारच्या वडामागं पळाली.

मला मिस्त्रीचं बोलणं आठवलं. खांद्यावरचा टॉवेल मी ओढला, बॉनेट उघडलं आणि हवेच्या नळीचं तोंड मोकळं करायला हात घातला. दाजींनी येऊन माझं मनगट धरलं.

“ऱ्हाऊ दे.”

“दाजी, इंजिन फुटंल! सरा बाजूला!”

“फुटू दे.”

त्यांनी मला मागं ओढलं. त्यांच्या हातात एवढी ताकद मी कधी पाहिली नव्हती. मग ते मला सोडून ठाण्यासमोर गेले आणि धुरात उभे राहिले. हात जोडलेले नव्हते.

“बंद व्हत न्हाई बघ!” ते ओरडले. इंजिनाच्या आवाजात त्यांचा आवाज फाटला. “वढली मूठ, तरी बंद व्हत न्हाई! तुला ऐकू येत न्हाई न्हवं आवाजात? मग नगं ऐकूस! तवा तरी कुठं ऐकलंस? समदं निवांत केलं हुतं तुझ्यासाठी. तवा तरी ऐकलंस का?”

भिकू गुरव धावत आला आणि दाजींच्या मागं थांबला. त्यानं दाजींना आवरलं नाही. खाली बसला आणि डोकं गुडघ्यांत घातलं.

इंजिनातून एक दणका आला, गाडी पुढं उसळली, काहीतरी तुटून खाली पडलं, आणि सगळं थांबलं.

खिंडीत एवढी शांतता मी कधी ऐकली नव्हती. धूर हळूहळू वर गेला. ठाण्यातली घंटा आपोआप हलत होती. जीपखालून काळं तेल ओघळत उताराला लागलं होतं. माणसं लांब उभी होती. कुणी पुढं येईना.

दाजी गाडीच्या चाकाला टेकून बसले. मी त्यांच्याशेजारी बसलो.

“भैरू,” ते म्हणाले, “ती चढावर न्हाई गेली.”

मी वळून त्यांच्याकडं बघितलं.

“गाडीनं चढ काढला हुता. रडत काढला, पर काढला. वर आलो तवा आक्का तुझी जित्ती हुती. पाणी मागत हुती. मी म्हणलं, देवीला हात जोडतो आन् निघू. मूठ वढली. नारळ बी घेतला न्हाई. हात जोडले, इतकंच. परत येऊन चावी फिरवली तर सेल्फ लागंना. बॅटरी मेली हुती. आन् गाडीचं तोंड चढाकडं. मी, सुईण आन् भिकू, तिघांनी ढकलली. ढकलून ढकलून फिरवली, उताराला लावली. चालू झाली तवा…”

ते थांबले. भिकू गुरवानं गुडघ्यांतून डोकं वर काढलं.

“मी म्हणलं हुतं,” तो हळूच म्हणाला. “हिंदुराव, आज ऱ्हाऊ दे चालू. बाई अवघडलीय. देवी काय म्हणत न्हाई. मी गुरव, मी सांगतोय.”

“म्हणला हुता त्यो,” दाजी म्हणाले. “मला वाटलं, रोज पाळतो. आजच्या दिवशीच कशाला मोडायची?”

त्यानंतर दाजी पुष्कळ वर्षं जगले, पण गाडीच्या स्टिअरिंगला त्यांनी हात लावला नाही. जीप तशीच खिंडीत राहिली. पुढं कराडचा एक भंगारवाला ती ओढून घेऊन गेला. दस्तगीर मिस्त्री ती बघायला आला होता. भात्याचा पंखा त्यानं बोटानं फिरवून बघितला, तो जागचा हलला नाही. आई गेली, त्यानंतर भिकू गेला, मग दाजी. मला अक्षर आलं ते सगळ्यांच्या नंतर, म्हणून हे आता लिहितो. आईला वाचता येत नव्हतं, तरी ती असती तर लिहिलं नसतं.

त्या दिवशी आम्ही दोघं घाट उतरून पायी घरी आलो. शेवटच्या वळणावर, म्हणजे वरून उतरताना पहिल्या, दाजी थांबले. तिथल्या दगडाकडं बघितलं. काही झालंच नव्हतं तिथं. मग पुढं निघाले.

आई दारात उभी होती. आम्हाला चालत येताना बघून ती अंगणात उतरली. दाजींच्या अंगावर काळे डाग, केसांत काजळी.

“गाडी कुठाय?”

दाजींनी तोंड उघडलं. ओठ हलले, आणि ते काय सांगणार हे मला कळलं. ते खरं सांगणार होते. इतके दिवस गिळलेलं ते आईच्या पायाशी ओतणार होते. आणि आई त्यांच्याकडं बघत होती, लेकीनंतर उरलेल्या त्या एका माणसाकडं.

“चढावर गाडी दमली, आई,” मी म्हणालो.

आईनं कपाळाला हात लावला.

“परत?”

“परत.”

ती आत गेली आणि तांब्याभर पाणी घेऊन आली. दाजींच्या हातावर ओतत राहिली. तेल निघत नव्हतं, तरी ओतत राहिली.

“तुमचा काय दोष जावईबापू,” ती म्हणाली. “चढच तसला हाय.”

दाजींनी माझ्याकडं बघितलं. मग ओंजळ वर केली आणि तोंड त्यात झाकून घेतलं.